माझी सूचना हाय

ग्रामसभेत सगळ्यात लवकर उरकणारा विषय म्हणजे निवडीचा, असं माझ्या आधीच्या ग्रामसेवकांनी मला चार्ज देतानाच सांगितलं होतं. पाण्यावरून भांडतील, घरकुलावरून भांडतील, पण निवडीला तुम्हाला काही ताप नाही मॅडम, नावं ठरून येतात, आपण फक्त लिहायचं. एवढं सांगून त्यांनी शिक्के, किल्ल्या आणि एक मोडकी खुर्ची माझ्या ताब्यात दिली आणि मोटारसायकलला किक मारून ते निघून गेले. चिंधूमामांबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. मुद्दाम बोलले नाहीत, असं माझं आजही मत आहे.

गाव जुन्नर तालुक्यातलं, पण आंबेगावच्या हद्दीला टेकलेलं. खाली कांद्याची आणि टोमॅटोची बागायत, वर डोंगराच्या पोटाशी ठाकरवाडी. बागायतीतला मोठा तुकडा आप्पांचा. ग्रामसभेच्या आदल्या संध्याकाळी आप्पांच्या ओट्यावर चार माणसं बसायची, चहा व्हायचा आणि नाव ठरायचं. दुसऱ्या दिवशी सभेत एका ठरलेल्या घरातला माणूस ते नाव सुचवायचा, दुसऱ्या ठरलेल्या घरातला अनुमोदन द्यायचा, लोक टाळ्या वाजवायचे आणि जिलेबी खायला उठायचे. आमच्या गावात निवडीला कधी हात वर करावे लागत नाहीत, हे लोक पाहुण्यांना अभिमानानं सांगायचे. आप्पा वागायला वाईट नव्हते. फक्त गावाच्या तोंडून आपलंच बोलणं ऐकायची त्यांना सवय झाली होती.

माझी पहिली सभा पंधरा ऑगस्टची. झेंडावंदन झालं, समाजमंदिरात सतरंज्या टाकल्या, आणि तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षाची निवड आली. गावातली भांडणं पोलिसात जाऊ न देता गावातच मिटवायची, हे त्या समितीचं काम. ठरलेल्या माणसानं आप्पांच्या चुलतभावाचं नाव सुचवलं. दुसऱ्यानं अनुमोदन दिलं. मी लिहायला पेन उघडलं, तेवढ्यात दाराच्या पत्र्यावर कुणीतरी तळहातानं दोनदा थाप मारली.

"थांबा मॅडम. माझी सूचना हाय."

दाराशी एक उंच, वाळका म्हातारा उभा होता. पांढरा सदरा, पायजमा, आणि भर पावसाळ्यात बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. हे चिंधूमामा. आधीची दोन मुलं गेली म्हणून आईनं हे नाव ठेवलं होतं. आपल्या नावावर कुणी हसलं तर मामाही त्याच्याबरोबर हसायचे आणि मग त्याचं नाव विचारून घ्यायचे. सारी हयात एसटीत कंडक्टर म्हणून गेली. तळेघरच्या बाजूला गाडी चिखलात रुतल्यावर उतारूंबरोबर चालत निघालेला कंडक्टर म्हणून डोंगरातली माणसं अजून त्यांना ओळखत होती. घर बुद्धवस्तीत, बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली, मुलगी पेठला दिलेली. सभेत ते कायम दाराशीच बसायचे. आत जागा असली तरी दाराशीच. आणि सभा संपून शेवटचा माणूस बाहेर पडला की पत्र्यावर दोन थापा मारून मग स्वतः निघायचे. गाडी सोडायची सवय होती ती.

त्या दिवशी त्यांनी नाव सुचवलं ते हिराबाईचं.

मामांची नाव सुचवायची एक रीत होती. कर्तबगार, धडाडीचे, सर्वांचे लाडके असला एकही शब्द त्यांच्या तोंडी यायचा नाही. माणसाचं नाव, कुठं राहणार, आणि मग एक काम. बस.

"हिराबाई, राहणार ठाकरवाडी. शिमग्याला वाडीत दोघं भाऊ कोयतं घिऊन एकामेकाच्या अंगावर गेलं व्हतं. ही मधी जाऊन बसली. उभी न्हाई राह्यली, बसली. दोघं दमूस्तवर बसून राह्यली. आज ते दोघं एका ताटात जेवत्यात. तंटा मिटवायचा म्हंजी आजून काय असतं?"

मागून कुणीतरी म्हणालं, मामा, तुमच्या वस्तीतलं नाव घ्या ना, दुसऱ्यांच्यात कशाला पडता. मामांनी तिकडे वळूनही पाहिलं नाही. "गाव माझं बी हाय. मी कुणाचं बी नाव घीन," ते म्हणाले.

मी विचारलं, अनुमोदन आहे का? पुरुष जमिनीकडे बघत होते, बायका एकमेकींच्या पदराकडे. ठाकरवाडीचं तर कुणी आलंच नव्हतं. मी पुन्हा विचारलं. मग अनुमोदक नसल्यामुळे सूचना बारगळली असं लिहिलं आणि पुढचा विषय घेतला. मामा शांतपणे खाली बसले. गाडी चुकलेल्या माणसाचा वैताग त्यांच्या चेहऱ्यावर कुठंही नव्हता. पुढची येईलच, असं काहीतरी होतं.

हिराबाईचं नाव मामांनी उगाच घेतलं नव्हतं. ठाकरवाडीतून खाली विहिरीला आणि रस्त्याला यायची जुनी पाऊलवाट आप्पांच्या पुतण्याच्या बांधावरून जायची. पुतण्यानं ती तारेचं कुंपण घालून बंद केली होती. वाडीतल्या बायका हंडे घेऊन डोंगराच्या सोंडेला वळसा घालून यायच्या. एका बाळंतिणीला झोळीतून त्याच वळशानं आणलं होतं. तक्रार दरवर्षी तंटामुक्ती समितीपुढे यायची, आणि समितीचा अध्यक्ष दरवर्षी पुतण्याच्या भावकीतलाच असायचा. दोन्ही बाजूंनी सामंजस्यानं घ्यावं, असा निर्णय व्हायचा. सामंजस्यानं वळसा घ्यावा, असा त्याचा अर्थ.

आता मामांची चूक सांगते, कारण ती करण्यात त्यांच्यासारखा पटाईत दुसरा नव्हता. ज्याचं नाव घ्यायचं त्याला ते आधी विचारायचेच नाहीत. विचारलं की माणूस नाही म्हणतो, गरीब माणूस तर नक्कीच नाही म्हणतो, असं त्यांचं म्हणणं. सभेच्या दुसऱ्या दिवशी हिराबाई ग्रामपंचायतीत आली. ठेंगणी, रुंद, आवाजात धार असलेली बाई. मामा माझ्यासमोरच बसले होते.

"माझं नाव घ्यायला तुमाला कुणी सांगितलं व्हतं, मामा? तुमी पेन्शनीत बसलाय. माझी चूल आप्पाच्या वावरावर पेटती. आज सकाळी मुकादमानं मला टोळीतून काढलं."

मला वाटलं, आता हा माणूस माफी मागेल. तो उठला आणि तडक आप्पांच्या ओट्यावर गेला. तिथं बसलेल्यांनीच मला नंतर हसत हसत सांगितलं. मामा म्हणाले, नाव मी घेतलंय, तिनं न्हाई, तवा काम बंद करायचं तर माझं करा. आप्पा म्हणाले, मामा, तुम्ही माझ्याकडे कधी कामाला होता? मामा म्हणाले, मंग उद्यापासून येतो, परवापासून बंद करा. ओटाभर लोक हसले. मामाही हसले, पण जागचे हलले नाहीत. दुपारची जेवणं झाली, लोक लवंडले, तरी तो माणूस पायरीवर बसून राहिला.

त्यानं काही झालं नाही. झालं ते हिवाळी कांद्याच्या लागवडीला. आमच्याकडे कांदा लावायला बायकांची टोळी लागते, आणि टोळीत पुढच्या सरीला जी बाई असते तिच्या वेगानं सगळं वावर चालतं. ठाकरवाडीच्या टोळीत पुढच्या सरीला कायम हिराबाई. मुकादम बोलवायला गेला तर बायका म्हणाल्या, पुढं कोण? दुसरं नाव सांगितल्यावर एकेक जण घरात गेली. आप्पांची रोपं वाफ्यात पिवळी पडायला लागली, तेव्हा मुकादम हिराबाईच्या दारात जाऊन उभा राहिला, आणि ती टोळीला समजावून वावरात घेऊन आली. मामांना हे कळल्यावर ते मला म्हणाले, "बघितलं का मॅडम? तिकडं अनुमोदन मिळालं की तिला. निसतं सभेत यायचं राह्यलंय."

मामांच्या सूचना एवढ्यावर थांबायच्या नाहीत. दुसऱ्या एका सभेत शाळा समितीसाठी त्यांनी मंदाचं नाव घेतलं. मंदा म्हणजे आप्पांच्याच भावकीतली सून. तिलाही विचारलं नव्हतं, हे सांगायला नको. ओट्याच्या धाकानं तेही नाव पडलं, आणि संध्याकाळी मंदाचा नवरा मामांच्या घरी भांडायला गेला. मामांनी त्याला पाट दिला, चहा टाकला आणि विचारलं, शाळेतल्या खिचडीचा तांदूळ कमी येतोय हे कुणी पकडलं? हिनंच, नवरा म्हणाला. मंग मी खोटं काय बोललो? नवऱ्यानं चहा प्यायला, आणि जाताना म्हणाला की निदान घरी येऊन सांगायचं होतं. मामांनी ते कबूल केलं आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच केलं.

एकदा तर ते जुन्नरला जाऊन धडकले. तालुक्यातलं एक मंडळ आदर्श शिक्षकाचा पुरस्कार द्यायचं. ठाकरवाडीच्या शाळेतले गुरुजी पावसाळ्यात ओढा ओलांडून मुलांना खांद्यावर आणायचे. मामांनी त्यांच्यासाठी अर्ज लिहिला आणि मंडळाच्या कचेरीत नेला. तिथल्या कार्यवाहांनी सांगितलं, असं चालत नाही, शिक्षकानं स्वतः प्रस्ताव द्यायचा, सोबत कार्यक्रमांचे फोटो आणि वर्तमानपत्रांची कात्रणं जोडायची. मामांनी विचारलं, म्हणजे मी चांगला आहे असं ज्यानं त्यानं स्वतःच म्हणायचं? कार्यवाह म्हणाले, तशीच पद्धत आहे. मामा म्हणाले, मग ज्याला लाज वाटते त्याला तुमचा पुरस्कार कधीच मिळायचा नाही. हे बोलणं मला मामांनीच सांगितलं, आणि सांगतानाही त्यांच्या मानेची शीर फुगली होती.

त्या रविवारी त्यांनी बाजारातून एक टॉवेल आणि नारळ घेतला. फाट्यावरच्या एसटीच्या शेडमध्ये गुरुजी गाडीची वाट बघत उभे होते. मामांनी त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला आणि शेडमधल्या सगळ्या उतारूंना ओढ्याची गोष्ट सांगितली. उतारूंनी टाळ्या वाजवल्या. एका म्हातारीनं गुरुजींच्या पायाला हात लावला. गुरुजी लाजून लाल झाले आणि आलेल्या गाडीत चढायचं विसरले. तो टॉवेल त्यांनी शाळेच्या कपाटात घडी घालून ठेवलेला मी स्वतः पाहिला आहे. मंडळाच्या पुरस्काराची ट्रॉफी कुणाला मिळाली ते मला आठवत नाही, आणि तुम्हाला कुणालाही आठवणार नाही.

मला या माणसाचा राग यायचा. खरंच यायचा. दुसऱ्या वर्षी पंधरा ऑगस्ट जवळ आला तेव्हा मी त्यांना म्हटलं, मामा, निदान एक अनुमोदक आधी बघून ठेवा. एका माणसाशी बोलून ठेवायला काय जातं? वाट बंद आहे ती तुमच्या तत्त्वामुळे उघडणार आहे का?

"मॅडम, मी घरोघर जाऊन अनुमोदन ठरवून आणलं, तर ओट्यात आनि माझ्यात फरक काय? मंग माझा बी ओटाच झाला. माणूस सभेत बसलेला पाहिजे, त्यानं ऐकलं पाहिजे, आनि त्याचा हात त्याचा त्यानंच वर केला पाहिजे."

"आणि नाही केला तर?"

"तर म्होरल्या साली. मी कुटं जातोय?"

दुसऱ्या वर्षी त्यांनी पुन्हा पत्र्यावर थाप मारली, पुन्हा हिराबाईचं नाव घेतलं, आणि ते पुन्हा पडलं. फरक एवढाच की त्या वर्षी हिराबाई स्वतः सभेला आली होती. वळसा घालून, पायाला चिखल घेऊन, मागच्या भिंतीशी बसली होती. नाव पडल्यावर ती चिडली नाही. कोण कोण खाली बघतंय ते तिनं एकदा नीट बघून घेतलं.

पण 'मी कुटं जातोय' असं मामा म्हणाले होते, तसं कुठं झालं? त्या हिवाळ्यात त्यांचा घसा धरला. तंबाखू नाही, विडी नाही, तरी घशातच दुखणं निघालं. पुण्याला ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. घाटात घरघरणाऱ्या गाडीत मागच्या बाकापर्यंत पोहोचणारा तो आवाज. परत आले ते गळ्याला पांढरं फडकं बांधून. मी भेटायला गेले तर मुलीनं चहा केला, आणि मामांनी खुणेनं मला विचारलं की पंधरा ऑगस्टला सभा किती वाजता आहे. मला तिथंच रडू आलं. त्यांना ते आवडलं नाही. त्यांनी कपाळाला आठी घातली आणि बोट दाराकडे केलं, म्हणजे रडायचं असेल तर बाहेर.

तिसऱ्या वर्षी ओट्यावरून नाव आलं ते खुद्द पुतण्याचं. ज्यानं कुंपण घातलं तोच तंटामुक्तीचा अध्यक्ष. लोकांनाही ते जरा जास्तच वाटलं असावं, कारण टाळ्या तुटक तुटक पडल्या. ठरलेल्यानं सुचवलं, ठरलेल्यानं अनुमोदन दिलं. मी पेन उघडलं आणि दाराकडे बघितलं.

मामा उभे राहिले होते. त्यांनी गळ्यावरच्या फडक्यावर हात ठेवला, ओठ हलवले, आणि नुसती हवा बाहेर आली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मानेच्या शिरा ताठ झाल्या, डोळ्यांत पाणी आलं, पण शब्द येईना. मागच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. आप्पा खालच्या सुरात म्हणाले, बसा मामा, त्रास घेऊ नका, तुमचं म्हणणं समद्यांना माहीत हाय. मामा बसले नाहीत. ते दाराच्या चौकटीला धरून नुसते उभे राहिले. ते उभे होते तोवर मी पुढचा विषय घेतला नाही, आणि कुणी मला घ्या असंही म्हणालं नाही.

तेव्हा बायकांच्या रांगेतून मंदा उठली. आप्पांच्या भावकीतली, डोक्यावर पदर घेतलेली मंदा.

"माझी सूचना हाय. हिराबाई, राहणार ठाकरवाडी." तिला मामांची रीत पाठ होती. "तिनं दोघा भावांत बसून तंटा मिटवला, हे मामांनी सांगितलंय. मी आजून एक सांगते. कांद्याच्या लागणीला समदी टोळी घरी बसली, तवा तिनंच त्यांना समजावून कामावर आणलं. आप्पांचा कांदा तिच्यामुळं उभा राह्यला."

नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं. मग तो समोर बघायला लागला. आप्पांनीही मान वळवली, पण हे खोटं आहे असं त्यांना म्हणता येईना.

मी विचारलं, अनुमोदन आहे का?

दाराच्या पत्र्यावर दोन थापा पडल्या. इतक्या जोरात की बाहेर जिलेबीजवळ उभी असलेली पोरं आत डोकावली.

ठरलेल्या घरातला माणूस ताडकन उठला आणि म्हणाला, हे चालत नाही, अनुमोदन बोलून द्यावं लागतं. मी त्याला सांगितलं की अनुमोदन तोंडानंच द्यायचं असं कुठं लिहिलंय ते मला आणून दाखवा, तोवर मी लिहिते. आणि मोठ्यानं वाचत लिहिलं, अनुमोदक, चिंधू. मग हिराबाईला विचारलं, तुमची तयारी आहे का? हे विचारणं नियमातच होतं, पण मामांच्या सूचनेवर तो प्रश्न इतकी वर्षं कधी माझ्यापर्यंत पोहोचलाच नव्हता.

"हाय," हिराबाई म्हणाली. "व्हय म्हणाया मला तीन सालं लागली. मामांनी कदी इचारलंच न्हाई."

सभा हसली, आणि त्या हसण्यात पहिल्यांदाच भीती नव्हती. गावात कधी न झालेली गोष्ट झाली, हात वर झाले. आधी बायकांचे, मग गुरुजींचा, मग बुद्धवस्तीचे, मग बागायतीतल्याही काही पोरांचे. मंदाच्या नवऱ्याचा हात सगळ्यात शेवटी वर गेला, आणि तोही खांद्याच्या वर नाही. तोही मी मोजला. पुतण्याच्या बाजूला हात कमी पडले, आणि हिराबाई अध्यक्ष झाली.

हिराबाईनं पहिला तंटा तोच घेतला. तिनं नोटीस काढली नाही, बैठक बोलावली नाही. ती कुंपणाशी गेली आणि तारेला पाठ लावून बसली. दुपारी वाडीच्या बायका येऊन तिच्या शेजारी बसल्या. संध्याकाळी आप्पा आले, पुतण्याला बाजूला घेऊन काहीतरी बोलले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्यानं स्वतःच्या हातानं खुंट्या उपटल्या. मला बोलावणं आलं म्हणून मी स्कूटी खाली लावून चालत वर गेले.

मामा दिवाळीच्या आधी गेले. तोवर माझी बदली आंबेगावात झाली होती आणि मला निरोप उशिरा मिळाला. आता माझ्या नव्या गावातही नावं ठरूनच येतात. पण सूचना आहे का असं विचारल्यावर मी लगेच लिहायला घेत नाही. दाराकडे बघते आणि थांबते. लोकांना ते थांबणं आवडत नाही. न आवडो.

मी मामांना शेवटचं पाहिलं ते त्या सकाळी, मोकळ्या झालेल्या पाऊलवाटेवर. तारा गुंडाळून बाजूला पडल्या होत्या. खुंट्या उपटलेल्या जागेत मामा उभे होते, बाह्या दुमडलेल्या, गळ्याला फडकं. वरून बायका हंडे घेऊन येत होत्या, आणि इतक्या वर्षांनी त्या जागेतून जाताना प्रत्येक जण क्षणभर अडखळत होती. मामा हातानं त्यांना पुढं बोलवत होते, चला, चला, पुढं सरका. एक म्हातारी मागं राहिली होती. ती येईपर्यंत ते थांबले, तिचा हंडा त्यांनी धरला, तिला पुढं जाऊ दिलं. मग वर वाडीकडे एकदा नीट पाहिलं, कुणी राहिलं नाही याची खात्री केली, आणि सगळ्यांच्या मागून ते खाली उतरायला लागले.